मळीतला फेस

क्वीन्सलँडमधल्या मॅकाय इथे, रेसकोर्स साखर कारखान्याच्या आवारात, क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचा प्रायोगिक प्रकल्प आहे. उसाच्या चिपाडांपासून इंधन आणि रसायने काढण्याचे प्रयोग तिथे होतात. कोल्हापूर-सांगलीकडून ऑस्ट्रेलियात आलेल्यांना साखर कारखान्यातल्या मळीचा वास परका नाही.

याच मळीवर बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू वाढवला, तर तो सर्फॅक्टिन बनवू शकतो. जपानी संशोधकांनी १९६८ मध्ये वेगळे काढलेले हे द्रव्य पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रतिमीटरपर्यंत खाली आणते. रिठ्याचेच काम, पण अगदी चिमूटभरात. अडचण फेसाचीच: जिवाणू वाढवण्याच्या टाकीत हवा सोडली की तो उतू जातो. शुद्धीकरणही महाग पडते. तरी खनिज तेलापासून बनणाऱ्या साबणचुऱ्याला पर्याय उसाच्या पट्ट्यातूनच यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.