अक्षता उडाल्या, फ्लॅश उडालाच नाही

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षतांचा पाऊस पडला. तुम्ही बटण दाबलं, शटरचा आवाजही आला. पण कोपऱ्यात स्टँडवर लावलेला फ्लॅश ढिम्म. स्क्रीनवर नवरा-नवरी काळपट, मागची एलईडी वॉल मात्र लखलखीत. पुढच्या क्लिकला तोच फ्लॅश शहाण्यासारखा उडाला. पण नवरीच्या चेहऱ्यावरचं ते पहिलं हसू तोवर गेलेलं. आता नवरीच्या काकांना काय सांगणार? ‘परत एकदा अंतरपाट धरा’?

कॉलेज करता करता शनिवार-रविवारी लग्नं, मुंजी, साखरपुडे शूट करणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. कॅमेरा हप्त्यावर, लेन्स मित्राची आणि दोन फ्लॅश कसेबसे जमवलेले. फ्लॅश चुकला की पहिला संशय ट्रिगरवर. ‘स्वस्तातला घेतला, भोगा आता,’ असं सीनियर म्हणतात आणि आपण मान डोलावतो. सेल उतरलेत का, ट्रिगर हॉटशूवर नीट बसलाय का, हे आधी बघायलाच हवं. बऱ्याचदा लोचा तिथेच असतो. पण सकाळी रिकाम्या हॉलमध्ये शंभरातले शंभर फ्लॅश उडाले आणि मुहूर्ताला पाचातले दोन चुकले, तर बिचाऱ्या ट्रिगरला शिव्या देऊन उपयोग नाही. मधल्या दोन तासांत हॉलमधली हवा बदललेली असते.

हवा म्हणजे रेडिओलहरींची हवा. आजचे बहुतेक वायरलेस ट्रिगर, मग तो गोडॉक्स असो, प्रोफोटो असो की कॅनन, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच, म्हणजे जेमतेम साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ रुंद. त्यातच वाय-फाय, त्यातच ब्लूटूथ, त्यातच तुमच्या व्हिडिओग्राफरचा स्वस्त कॉलर माइक, आणि भटारखान्यात मायक्रोवेव्ह असेल तर त्याची गळतीही साधारण २४५० च्याच आसपास. वाय-फायचा एकेक चॅनल वीस-बावीस मेगाहर्ट्झ जागा खातो. त्यामुळे चॅनल तेरा दिसले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच मांडता येतात: १, ६ आणि ११. ही तीन घरं भरली की ट्रिगरला उरतात त्या मधल्या बोळी.

आता पाहुणे येतात. प्रत्येकाच्या खिशात फोन. कुणी काकांसाठी हॉटस्पॉट सुरू केलेला, तो बंद करायला विसरलेला. हॉटस्पॉट नुसता सुरू असला, कुणी एक मेसेजही पाठवत नसलं, तरी तो ‘मी इथे आहे’ असं सेकंदाला साधारण दहा वेळा ओरडत असतो. असे चाळीस फोन २.४ वर असतील तर सेकंदाला चारशे आरोळ्या. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी या लहरी छान शोषून घेतं. तुमच्या कॅमेऱ्यापासून कोपऱ्यातल्या फ्लॅशपर्यंत आता तीनशे पाण्याच्या पिशव्या उभ्या आहेत, आणि त्या प्रत्येक पिशवीत एक ट्रान्समीटर. खोक्यावर छापलेली ‘शंभर मीटर’ ही रेंज मोकळ्या मैदानातली असते, पंगतीतली नाही.

ही फजिती फक्त आपल्यासारख्यांची होते असं वाटत असेल तर जून २०१० आठवा (म्हणजे यूट्यूबवर बघा). सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत होते आणि भर मंचावर फोनला वेब पान उघडता येईना. हॉलमध्ये पाचशे सत्तर वाय-फाय बेस स्टेशन चालू असल्याचं त्यांनी सांगितलं आणि जमलेल्या पत्रकारांना आपापली वाय-फाय बंद करायची विनंती केली. जगातली सगळ्यात काटेकोर रंगीत तालीम करणारी कंपनी, आणि तिची ही गत.

मग प्रश्न असा की त्याच हॉलमध्ये, त्याच गर्दीत व्हॉट्सअ‍ॅप चालतं आणि फ्लॅश का चालत नाही? कारण वाय-फाय बोलण्याआधी कान देऊन ऐकतं. कुणी बोलत असेल तर थांबतं, आणि आपलं पॅकेट वाटेत हरवलं तर पुन्हा पाठवतं. तुमचा फोटो अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचला तर आत्याला कळतही नाही. फ्लॅशला ही चैन परवडत नाही. एक दोनशेअंश सेकंदाच्या शटरला पडदा उघडून बंद व्हायला पाच मिलिसेकंद मिळतात. ‘उड’ हा निरोप त्याच्या आत पोचला तर फोटो, नाही तर अंधार. एखाद्या हॉटस्पॉटची एक आरोळीच एक-दोन मिलिसेकंद हवा अडवून धरू शकते. निरोप नेमका तिच्याखाली चिरडला गेला की संपलं. उशिरा आलेला निरोप फ्लॅशच्या काहीच कामाचा नाही.

कधी कधी तर गोंगाट करणारा घरातलाच निघतो. फोटोग्राफीच्या जगातलं गाजलेलं प्रकरण २००९चं आहे. पॉकेटविझार्ड या अमेरिकी ब्रँडने कॅननसाठी मिनीटीटी१ आणि फ्लेक्सटीटी५ हे नवे ट्रिगर आणले. अमेरिकेतलं मॉडेल ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचं. लोकांनी हौसेने घेतले आणि बघतात तर काय, रेंज पार आटलेली. शोधाशोध झाली तेव्हा कळलं की कॅननचे ५८०ईएक्स आणि ५८०ईएक्स २ हे फ्लॅशच नेमक्या त्या भागात रेडिओ गोंगाट करतात. एकटा फ्लॅश वापरणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता. पण त्याच्या बुडाशी रिसीव्हर बसवला की रिसीव्हरच्या कानाशी ढोल. शेवटी फ्लॅशला घालायचा एक मोजा निघाला! खराखुरा, लहरी अडवणाऱ्या कापडाचा. शेकडो डॉलरचं यंत्र आणि त्याला मोजा. युरोपासाठीचं मॉडेल ४३३ मेगाहर्ट्झवर होतं, तिथे हा त्रास कमी होता.

तुम्ही म्हणाल, मग या कंपन्या २.४ची गर्दी सोडून दुसरीकडे का जात नाहीत? कारण ३४४ अमेरिकेत चालतं, युरोपात चालत नाही. युरोपातलं अमेरिकेत नाही. २.४ मात्र जवळजवळ सगळ्या जगात विनापरवाना खुलं आहे. एकच मॉडेल बनवा आणि टोकियोपासून टेंभुर्णीपर्यंत विका. म्हणूनच ट्रिगर तुमच्या खिशाला परवडतो. स्वस्ताई आणि गर्दी या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या आहेत. आणि परदेशातल्या मावशीकडून एखादा जुना ट्रिगर मागवणार असाल तर तो कोणत्या देशासाठी बनलेला आहे, हे आधी बघा.

हा निर्णय आपल्याकडे कागदावर कसा आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. २.४ चा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. जास्तीत जास्त चार वॅटपर्यंतची प्रभावी शक्ती वापरा, परवाना नको, फी नको. पण सोबत अट आली: तुम्ही इतरांना त्रास द्यायचा नाही, आणि तुम्हाला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. सगळ्यांनी वाटून वापरायचं. गावच्या गायरानासारखं. गुरं कुणीही सोडावीत, चराई लागत नाही. पण ‘पाटलाच्या बैलाने माझ्या म्हशीच्या तोंडचं गवत खाल्लं’ म्हणून चावडीवर गेलात तर लोक हसतील.

याच्या उलट मोबाइल कंपन्यांचं बघा. २०२२च्या ५जी लिलावात त्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. त्यांच्या पट्ट्यात कुणी बेकायदा सिग्नल बूस्टर लावला तर दूरसंचार विभाग येऊन तो उतरवतो. पैसे मोजलेल्याच्या जागेला कुंपण, फुकट वापरणाऱ्याच्या जागेला नाही. यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. गायरान नसतं तर घराघरात वाय-फाय नसतं, इअरबड नसते, आणि दोन फ्लॅशवर लग्नाची ऑर्डर घेणारे तुम्हीही नसता. प्रश्न एवढाच आहे की गायरान पुरेसं मोठं आहे का, आणि ते वाढवायचं की लिलावात काढायचं हे कोण ठरवतं.

ते कसं ठरत आलंय हे कळावं, म्हणून हा लेख. २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ६०५ मेगाहर्ट्झ पट्टा भारताने खुला केला. राउटरवर ‘५जी’ अशा नावाचं दुसरं नेटवर्क दिसायला लागलं ते त्यातलंच (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही). मे २०२५मध्ये दूरसंचार विभागाने ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, कमी शक्तीच्या वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवल्या. हे ५०० मेगाहर्ट्झ झाले. अमेरिकेने २०२०मध्येच याच भागातले १२०० मेगाहर्ट्झ खुले केले होते. आपल्याकडे तेव्हा वरचा भाग मोबाइल सेवेसाठी ठेवायचा असा कल होता, आणि टेलिकॉम कंपन्यांना तो हवाच होता.

तुमच्या फ्लॅशला याचा फायदा आडून होईल. फोन आणि राउटर जसजसे वरच्या पट्ट्यांत जातील तसतसं २.४ थोडं मोकळं होईल. थोडंच, कारण ब्लूटूथ तिथेच राहणार, स्वस्त माइक तिथेच राहणार, आणि रोज नवा बल्ब, नवा पंखा, नवी डोअरबेल त्याच पट्ट्यात येऊन बसते. मला खटकतं ते वेगळंच. गायरान वाढवण्याची सगळी चर्चा ‘वाय-फायचा वेग किती वाढेल’ इथे फिरते. पाच मिलिसेकंदांत एक शब्द बोलून गप्प बसणाऱ्या छोट्या उपकरणांची बाजू कुणी मांडत नाही. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बऱ्याच उपकरणांना असा नियम आहे की एकूण वेळेच्या एक टक्का, काही ठिकाणी त्याहूनही कमी वेळच बोलायचं. म्हणजे तिथे किती मोठ्याने ओरडता याबरोबर किती वेळ ओरडता हेही मोजलं जातं. असा एखादा छोटा, शिस्तीचा तुकडा आपल्या चर्चेत का येऊ नये? पुढच्या वेळी सूचना मागवल्या जातील तेव्हा फोटोग्राफीच्या, रोबोटिक्सच्या आणि नाटकाच्या पोरांनी दोन ओळी लिहून पाठवायला हरकत नाही. ईमेलला परवाना लागत नाही.

तोवर रविवारचं लग्न आहेच. ट्रिगरमध्ये ‘स्कॅन’ असेल तर तो सकाळी नाही, पाहुणे बसल्यावर मारा. सकाळच्या शांत हवेचा निकाल दुपारी फुकट असतो. गोडॉक्सच्या एक्स मालिकेत बत्तीस चॅनल आणि वर आयडी असतात, पण हा फरक लक्षात ठेवा: आयडी वेगळा ठेवला की दुसऱ्याच्या ट्रिगरवर तुमचा फ्लॅश उडत नाही, एवढंच. गोंगाट टाळायचा तर चॅनलच बदलावा लागतो. फ्लॅशचा स्टँड डोक्यांच्या वर घ्या, लोखंडी खांबाच्या आड ठेवू नका. स्वतःच्या खिशातला हॉटस्पॉट बंद करा, कारण तो तुमच्या ट्रिगरच्या सगळ्यात जवळ असतो. आणि फ्लॅश अगदी दोन पावलांवर असूनच चुकत असेल तर उलटं दुखणं असू शकतं: सिग्नल इतका जोरात की रिसीव्हर गांगरतो. त्यासाठी काही ट्रिगरमध्ये ‘०-३० मीटर’ असं सेटिंग असतं, ते लावा.

ऑप्टिकल स्लेव्हवर जायचा मोह होईल. त्याला रेडिओची गरजच नाही, दुसरा फ्लॅश दिसला की उडतो. पण लग्नात प्रत्येक मामाच्या कॅमेऱ्यावर तो उडेल आणि मुहूर्तापर्यंत सेल संपलेले असतील. अंतरपाटाच्या त्या एका क्षणासाठी मी अजूनही कॅमेऱ्यावर एक साधा फ्लॅश ठेवतो, छताकडे तोंड करून. फोटो थोडा सपाट येतो, पण येतो. आणि जॅमरवाल्या मित्राचा सल्ला ऐकू नका. ‘सगळ्यांचे फोन बंद पाडू’ म्हणणारं ते खोकं खासगी माणसाने वापरणं बेकायदा आहे, आणि २.४ अडवणारं असेल तर ते सगळ्यात आधी तुमचाच ट्रिगर गप्प करेल.

बाकी मुहूर्ताच्या अर्धा तास आधी चहा घेताना व्हिडिओवाल्या दादांना एवढंच विचारा: ‘दादा, तुमचा माइक कशावर चाललाय?’ ते बहुतेक म्हणतील, ‘चायनाचा आहे रे, माहीत नाही.’ मग खोकं मागून घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा.