प्रकल्प कुणाचा? मुलांचा की दुकानदाराचा?

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी संपत आली की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पांना मागणी येते. वर मुलाचं नाव घातलं की झालं! आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत मुलं अशा फायली घेऊन येतात. आत काय आहे विचारलं, तर गप्प.

खरं तर प्रत्येक लेखनाची मांडणी वेगळी असते आणि त्यामागे कारण असतं. निबंधात आपलं मत मांडून ते पटवून द्यायचं. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम. कारण तीच कृती दुसऱ्याने केली तर त्यालाही तेच दिसायला हवं. तिथे अलंकारिक भाषेचं काम नाही. प्रकल्पात उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष. म्हणजे काय शोधलं, कसं शोधलं, काय सापडलं. गल्लीतल्या वीस घरी पाणी कसं साठवतात हे मुलीने स्वतः जाऊन विचारलं, तर 'कार्यपद्धती'त काय लिहायचं ते तिला आपोआप कळतं.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा निबंध छापून आला. चौदा वर्षांच्या त्या पोरीने मांग-महारांचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडलं. तो काही विकत आणलेला नव्हता!

म्हणून सांगते, फाईल विकत आणू नका, स्वतः लिहूनही देऊ नका. फक्त विचारा, "तू काय पाहिलंस? कशावरून म्हणतेस?" दोन गुण कमी पडले तरी चालतील. पण 'कशावरून' विचारायला शिकलेली मुलगी उद्या कुणाचंही म्हणणं डोळे मिटून मान्य करणार नाही.