पवित्र भूमीत अभ्यासाला जाणाऱ्या मुलामुलींना

बायबलमधली ठिकाणं पाहायला विद्यार्थ्यांचा गट न्यायचं ठरलं की पहिला कागद हातात पडतो तो टूर कंपनीच्या कार्यक्रमाचा. आठ-दहा दिवसांत नासरेथ, काना, कफर्णहूम, यार्देन, यरीहो, मृत समुद्र, बेथलेहेम, यरुशलेम. प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास, मग जैतुनाच्या लाकडाच्या वस्तूंचं दुकान, मग पुन्हा बस. तीर्थयात्रेला जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना हा कार्यक्रम चालतो. त्यांना तिथे प्रार्थना करायची असते, डोळे भरून पाहायचं असतं, आणि ते त्यांना मिळतं. तुम्ही मात्र अभ्यासाला निघालात. कुणी धर्मशास्त्र शिकतंय, कुणी इतिहास, कुणी पुरातत्त्व. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिलेत. म्हणून कळकळीनं सांगतो, तो कागद घ्या आणि त्यातली निम्मी ठिकाणं खोडून टाका. उरलेल्या ठिकाणी दुप्पट वेळ थांबा.

थांबल्यानं काय मिळतं ते एकाच जागेवरून सांगतो. यरुशलेमच्या जुन्या तटबंदीबाहेर, दक्षिणेच्या उतारावर गीहोन नावाचा झरा आहे. या झऱ्याचं पाणी शहराच्या आत आणण्यासाठी डोंगराच्या पोटातून ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदलेला आहे. हिज्कीया राजानं पाणी आत आणल्याचा उल्लेख राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात येतो. बहुतेक अभ्यासक हा बोगदा त्याच्याच काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा मानतात. आजही त्यातून पाणी वाहतं आणि त्या पाण्यातून चालत जाता येतं. आत अंधार असतो, काही ठिकाणी मान वाकवावी लागते, दोन्ही खांदे दगडाला घासतात.

बहुतेक गट हसत-ओरडत, फोटो काढत बाहेर पडतात. तुम्ही बॅटरी भिंतीवर धरा. छिन्नीचे घाव दिसतील. निम्म्या बोगद्यात ते एका दिशेचे आहेत आणि पुढच्या निम्म्यात बरोबर उलट दिशेचे, कारण खोदणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून निघाल्या होत्या. मधोमध आल्यावर बोगदा डावी-उजवीकडे चुकत जातो, अर्धवट सोडलेल्या खाचा दिसतात. एकमेकांना शोधत ती माणसं तिथे चाचपडली. एवढं वेडंवाकडं वळण घेऊनही दोन्ही टोकांच्या पातळीत फरक जेमतेम तीस सेंटीमीटरचा, त्यामुळे पाणी संथ वाहत राहतं.

१८८० साली या बोगद्यात शिरलेल्या शाळकरी पोरांना भिंतीवर अक्षरं दिसली. तोच शिलोहचा शिलालेख. टोळ्या भेटायला तीन हात अंतर उरलं असताना पलीकडून हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली, असं त्यात लिहिलं आहे. राजाचं नाव त्यात कुठेही नाही, लेख आहे तो खोदणाऱ्यांच्या कामाचा. तेव्हा तिथे तुर्की सुलतानाचं राज्य होतं, म्हणून मूळ दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. बोगदा जिथे संपतो तिथून थोडं खाली शिलोहाचं तळं. त्याच्या मूळ दगडी पायऱ्या २००४ साली सांडपाण्याची पाइपलाइन दुरुस्त करताना उघड्या पडल्या. आता सांगा, हे सगळं पाऊण तासात कसं बसवणार?

त्याच राजाच्या काळातली दुसरी जागा यरुशलेमच्या नैर्ऋत्येला आहे, लाखीश. टूरच्या कार्यक्रमात ती सहसा नसते. तुमच्या कार्यक्रमात ती असावी असा माझा आग्रह आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये असुरी राजा सन्हेरीबानं हे शहर घेतलं. वेढा घालताना त्याच्या सैन्यानं दगडमातीचा जो उतार तटाला भिडवला, तो अजून जागेवर आहे. त्यावर उभं राहून राजांच्या दुसऱ्या पुस्तकातले अठरा आणि एकोणीस हे अध्याय मोठ्यानं वाचा. मग सन्हेरीबानं स्वतः कोरून ठेवलेल्या वृत्तांताचा अनुवाद वाचा. हिज्कीयाला आपण यरुशलेमात कोंडलं आणि त्याच्याकडून जबर खंडणी घेतली, असं तो सांगतो. यरुशलेम जिंकलं, असं मात्र तो कुठेच म्हणत नाही. शहर वाचलं हे बायबलही सांगतं, पण का वाचलं याचं कारण दोन्हीकडे वेगळं. एकाच घटनेबद्दल दोन शत्रूपक्षांचे कागद हाती असणं ही इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी केवढी चैन आहे! लाखीशच्या वेढ्याची सन्हेरीबानं करवून घेतलेली कोरीव चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या छायाप्रती सोबत ठेवा.

आता एक अवघड जागा, यरीहो. यहोशवाच्या पुस्तकातल्या त्या कोसळलेल्या भिंती पाहायला सगळेच उत्सुक असतात. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तिथे एक पडलेली भिंत शोधली आणि ती यहोशवाच्याच वेळची असल्याचं जाहीर केलं. पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी थर न् थर मोजत खोदलं. ती भिंत त्याहून सुमारे हजार वर्षं जुनी निघाली. यहोशवाचा म्हणून जो काळ सहसा धरला जातो, त्या काळातल्या मोठ्या तटबंदीच्या शहराचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांना मिळाला तो दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज, आतून जिना असलेला.

शिक्षकांना माझी विनंती आहे, ही गोष्ट मुलांना यरीहोत नेऊन पहिल्यांदा सांगू नका. निघण्याआधी वर्गात सांगा, वाद होऊ द्या, कुणाला रडू आलं तर येऊ द्या. श्रद्धाळू घरातलं मूल तिथे उन्हात अचानक हे ऐकून हादरतं. मग ते एक तर सगळंच खोटं मानतं किंवा कान बंद करून घेतं. दोन्ही वाईटच. ज्या पुस्तकावर आपलं प्रेम आहे, त्याला प्रश्न विचारण्यात अनादर नाही. मी स्वतः प्रार्थना करणारा माणूस आहे आणि हे पूर्ण जबाबदारीनं लिहितोय.

प्रश्न कसे विचारायचे? कफर्णहूमला गेलात की समोर पांढऱ्या चुनखडीचं सभास्थान दिसेल. गाईड म्हणेल, येशूनं इथेच शिकवलं. तुम्ही शांतपणे विचारा, ही भिंत कोणत्या शतकातली? उत्तर आहे चौथं-पाचवं शतक. मग वाकून पायाकडे पाहा. पांढऱ्या दगडाखाली काळ्या बसाल्टचा थर आहे आणि पहिल्या शतकातलं सभास्थान तिथे असावं असं अनेक संशोधकांना वाटतं. आपल्या सह्याद्रीचा दगडही बसाल्टच, त्यामुळे तो ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. प्रत्येक जागी हे विचारायची सवय लावून घ्या: इथे प्रत्यक्ष सापडलं काय, ग्रंथात काय लिहिलंय, आणि परंपरा कधीपासून ही जागा दाखवते?

हा शेवटचा प्रश्न यरुशलेमात फार कामाला येतो. येशूची कबर म्हणून तिथे दोन जागा दाखवतात. पवित्र कबरेचं चर्च गर्दीचं, धुपाच्या धुरानं काळवंडलेलं, सहा पंथांनी वाटून घेतलेलं. त्याच्या दाराची किल्ली पिढ्यान् पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. बागेतली कबर स्वच्छ, हिरवी, निवांत. मुलांना बाग आवडते, आणि मन तिथे लागतं हे खरंच आहे. पण बागेतली कबर येशूच्या कित्येक शतकं आधीच्या घडणीची आहे आणि तिचा लौकिक एकोणिसाव्या शतकातला, ब्रिटिश जनरल गॉर्डननं तिची बाजू घेतल्यानंतरचा. गर्दीतल्या चर्चचं अर्पण इ.स. ३३५ मध्ये झालं आणि त्याच्याही आधीपासून तिथले ख्रिस्ती लोक ती जागा दाखवत होते. प्रार्थना कुठेही करा. वहीत मात्र दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा.

तुमच्याहून लहान मुलांनी तिथे काय करून दाखवलंय तेही ऐका. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय हिन्नोमच्या खोऱ्याच्या काठावर, केतेफ हिन्नोम इथे जुन्या कबरी खोदत होते. मदतीला बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं. त्यातल्या एका सारखं मध्येमध्ये करणाऱ्या मुलाला त्यांनी एक खोली साफ करायला लावलं. कंटाळून त्यानं हातोडा हाणला आणि जमीन वाटत होती तो प्रत्यक्षात कोसळलेल्या छताचा थर निघाला. खाली लुटारूंच्या हाती न लागलेला ठेवा होता. त्यात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्या न मोडता उलगडायला तीन वर्षं लागली. आत गणनाच्या सहाव्या अध्यायातल्या याजकाच्या आशीर्वादाचे शब्द होते. बायबलमधल्या मजकुराचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना लेखी पुरावा, मृत समुद्राच्या गुंडाळ्यांहूनही काही शतकं जुना. इस्राएल म्युझियममध्ये त्या ठेवल्या आहेत.

या सगळ्या जागांवर आणि भोवती माणसं राहतात, हे विसरू नका. हिज्कीयाच्या बोगद्याच्या डोक्यावर सिलवान ही पॅलेस्टिनी वस्ती आहे आणि तिथल्या खोदकामावरून तीव्र वाद आहे. बेथलेहेम आणि यरीहो पॅलेस्टिनी प्रशासनाखाली येतात. तिथे स्थानिक गाईड घ्या आणि एखादा रविवार अरबी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत बसा. दक्षिणेत बेर-शेबाचं टेकाड पाहायला गेलात तर दिमोनाही फार लांब नाही. दिमोना, अश्दोद, लोद या गावांमध्ये रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेल्या बेने इस्राएली ज्यू कुटुंबांची घरं आहेत. आधी कळवून जा, म्हाताऱ्या आजी-आजोबांशी मराठीत बोला. त्यांनी आपलं कोकण का सोडलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

तयारी इथेच सुरू करा. आपण ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतो, तेच तिथलं 'तेल'. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं खोदलेल्या वस्तीतल्या वस्तू पुण्यात त्यांच्या संग्रहालयात आहेत. थर म्हणजे काय, खापरावरून काळ कसा ठरतो, हे तिथे एका दुपारीत समजेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या असुरी राजवाड्याचे कोरीव दगड आहेत. सन्हेरीबाच्या आधीच्या असुरी राजांचा दरबार कसा होता याची कल्पना येईल. या दोन भेटींना एसटीचं किंवा लोकलचं तिकीट पुरतं. आणि ज्या ठिकाणी जायचं त्याचे बायबलमधले उतारे आधी दोनदा वाचून या.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट मात्र टाळू नका. ऑक्टोबर २०२३ पासून त्या प्रदेशातली परिस्थिती पाहता पाहता बदलते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा, प्रवास रद्द झाला तर पैसे किती परत मिळतील हे लेखी घ्या, आणि जाऊ नका असं सांगितलं असेल तर जाऊ नका. कुठल्याही उत्खननापेक्षा मुलांचा जीव मोठा. बाकी व्यवहार सोपा आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, त्या वेळात बहुतेक बस बंद. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली आहे, उन्हाळ्यात तिथे दुपारी उभं राहवत नाही. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. बोगद्यासाठी भिजले तरी चालतील असे सँडल घ्या. खापराचा तुकडाही खिशात घालू नका. तो गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेलं खापर अभ्यासाच्याही कामाचं राहत नाही.

परत आल्यावर महिन्याभरात लिहा. मोबाइलमधले फोटो कुणी पुन्हा पाहत नाही. प्रत्येकानं एक जागा वाटून घ्यावी आणि तिथे काय सापडलं, काय वाचलं, काय पटलं नाही, हे दोन-चार पानांत साध्या मराठीत उतरवावं. त्याची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या आणि एक तुमच्या चर्चच्या वाचनालयात. पुढच्या वर्षी जाणाऱ्या गटाच्या हातात टूर कंपनीच्या कागदाच्या आधी तुमची वही पडू द्या.