जहाज लागतं ते गाव

युरोपची क्रूझ करून आलेल्या कुणालाही विचारा, लिव्होर्नो कसं आहे? उत्तरादाखल पिसाच्या कलत्या मनोऱ्याला तळहाताने टेकू दिल्याचा फोटो पुढे येईल. जहाज लागतं लिव्होर्नोला, पण न्याहारी उरकायच्या आत धक्क्यावर बसगाड्या उभ्या असतात आणि झाडून सगळे उतारू पिसा-फ्लॉरेन्सच्या वाटेला लागतात. सिव्हिताव्हेकियाची तीच कथा. ते बंदर रोमन बादशहा ट्राजनच्या काळापासूनचं, पण आज लोक तिथे उतरतात ते रोम गाठायला.

आमचं जहाज लिव्होर्नोला लागलं तेव्हा मला बसचा आणि रांगांचा कंटाळा आला होता, म्हणून मी मागे राहिले. मेदिची घराण्याने उभं केलेलं हे बंदर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं की कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा व्यापारी इथे येऊन राहू शकतो. ज्यू आले, आर्मेनियन आले, ग्रीक आले. कालव्यांच्या काठाने एक अख्खी वस्ती आहे, तिचं नावच नवं व्हेनिस. चित्रकार मोदिल्यानी याच गावचा, आणि इटलीचा कम्युनिस्ट पक्ष १९२१ मध्ये इथेच स्थापन झाला. दुपारी काच्चुक्को नावाचं कालवण खाल्लं, पाच-सहा जातींची मासळी एकत्र शिजवलेलं. संध्याकाळी बसवाले परतले ते पाय चोळत.

आता आपल्याकडे या. मुंबईला क्रूझ लागते ती बॅलार्ड पिअरच्या बाजूला. इंदिरा गोदीतल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिथून पाहुण्यांना गेटवे, सीएसएमटी, धोबीघाट असं फिरवतात आणि वेळ उरलाच तर लाँचमध्ये बसवून घारापुरीची लेणी दाखवतात. आता गंमत बघा. घारापुरी मुंबईत नाही, ती रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. तिथल्या तीन वाड्यांमध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ मध्ये, लेणी जागतिक वारसा यादीत जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर. त्रिमूर्तीपुढे उभा राहिलेला पाहुणा उरणच्या मातीवर उभा असतो, पण त्याला ते कुणी सांगत नाही. तो मुंबई पाहिली म्हणून परत जातो.

पाहुण्याला तरी दोष कशाला द्यायचा? आम्हा नवी मुंबईकरांना उरण म्हणजे काय आठवतं? ट्रेलरची रांग, धूळ, फार तर पावसाळ्यात पिरवाडीचा किनारा. नेरूळमध्ये पंचवीस-तीस वर्षं राहून उरणला कधी गेलोच नाही असं सांगणारी माणसं मला सोसायटीच्या एकाच मजल्यावर सापडली. त्यांतल्या दोघांनी लिव्होर्नो केलेलं होतं, म्हणजे पिसा.

म्हणून ठरवलं की क्रूझवाले देतात तेवढाच, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, वेळ उरणला द्यायचा. आणि बंदराच्या गावात शिरायचं तर पाण्यावरून शिरायचं. नेरूळहून चाळीसेक मिनिटांत उरणला सोडणारी लोकल दाराशी असताना उलट्या दिशेने डॉकयार्ड रोडला जायचं आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, याला घरच्यांनी द्राविडी प्राणायाम म्हटलं. म्हणोत बापडे.

मोरा बंदराची लाँच पाऊण-एक तास घेते. वरच्या मजल्यावर बसलं की माझगाव गोदीतल्या करड्या युद्धनौका मागे पडतात, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या येतात, डावीकडे अटल सेतू पाण्यावर आखलेल्या रेघेसारखा दिसत राहतो. पुढे घारापुरीचे डोंगर, आणि त्यांच्याही मागे न्हावाशेव्याच्या उंच क्रेन. आतले उतारू रोजचे. पाट्या रिकाम्या करून परतणाऱ्या कोळणी, पाठीला सॅक लावलेले कॉलेजचे पोरगे, तोंडावर रुमाल टाकून झोपलेले रात्रपाळीवाले. खिडकीबाहेर बघणारी मी एकटीच.

मोऱ्याला उतरताना इथला खरा धनी कोण ते कळतं. तो आहे गाळ. जेट्टीच्या आसपास इतका गाळ साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच लागूच शकत नाही; काही तास सेवा बंद ठेवावी लागते. गाळ काढला जातो, पुन्हा भरतो. जेट्टीलगत एक मावशी वलांडीवर बोंबील उलटसुलट करत होत्या. जोडीजोडीने जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले, वरचे कडक झालेले, खालचे अजून ओलसर चकाकणारे. मी विचारलं, "मावशी, परतीची लाँच किती वाजता?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पाणी असेल तेव्हा."

मोऱ्याहून उरण गावात रिक्षाने जाता येतं. बाजारपेठ अरुंद आणि गजबजलेली. हे एकेकाळी बेटच होतं, करंजा नावाचं. पोर्तुगीजांनी ते धरलं, द्रोणागिरीच्या डोंगरावर किल्ला आणि चर्च बांधलं, १७३९ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं, पुढे इंग्रजांकडे गेलं. इंग्रजी अमदानीत उरणची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक मीठ, दुसरी मोहाच्या फुलांची दारू. भट्ट्या बहुतेक पारशांच्या, आणि पिणारी मुंबई. मुंबईची तहान आणि मुंबईची चव, दोन्ही पुरवणाऱ्या गावाला मुंबईने कधी नाव दिलं नाही. ती सवय पुढेही सुटली नाही. बॉम्बे हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून किनाऱ्याला लागतो तो उरणला, पण नाव बॉम्बेचंच.

द्रोणागिरी चढायला फार वेळ लागत नाही. लक्ष्मणासाठी मारुती पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्याचा हा तुकडा इथे पडला, अशी इथली समजूत. वर चर्चचे अवशेष, खाली ओएनजीसीच्या टाक्या. उतरून करंज्याला गेलं की द्रोणागिरी देवीचं देऊळ लागतं, आगरी-कोळ्यांची ही मोठी देवी. पुढे धक्क्यावरून रेवसला तर सुटते; तर पलीकडे लागली की अलिबाग तालुका. आता खाडीवर पूल बांधायला घेतला आहे, तेव्हा तरीत बसायचं असेल तर लवकर बसून घ्या. जेवण मी करंज्याच्या वाटेवर एका घरगुती खानावळीत केलं. तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण. काच्चुक्कोबद्दल माझं मत त्यानंतर बदललं आहे.

पण उरणचा दिवस एवढ्यावर संपवला तर मीही बसवाल्यांसारखीच ठरेन.

२६ मे १९८९ रोजी न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. आज देशातलं कंटेनर हाताळणारं हे अग्रगण्य बंदर. २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनर इथून आत-बाहेर झाले. तुमच्या घरातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर कदाचित उरणवरूनच आला. आणि या बंदराच्या जागी शेवा कोळीवाडा होता. तिथल्या कुटुंबांना बोरीपाखाडीला हलवलं, वस्तीचं नाव पडलं हनुमान कोळीवाडा. या नव्या घरांना वाळवी लागली. चौकटी, दारं, वासे, सगळं पोखरलं. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून त्या लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले, होड्या आडव्या घालून जहाजांचा मार्ग अडवण्याचं आंदोलनही केलं. ज्यांच्या जागेवर जगभरची जहाजं लागतात त्यांना घर बदलून मागायला दशकं लागावीत, यापेक्षा मोठी लाजिरवाणी गोष्ट या खाडीच्या दोन्ही काठांवर मला दिसत नाही.

जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन निदान आमच्या पिढीला ऐकून माहीत आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आज सीवूड्स-उलव्यात फ्लॅट घेणाऱ्याच्या कागदपत्रांत 'साडेबारा टक्के' हे शब्द हमखास असतात. ते कुठून आले हे दलालाला विचारून पाहा. त्याच्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० ला, याच तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. चिरनेर मात्र एका दिवसात बसत नाही, ते वेगळं ठेवा.

उरणचा 'पर्यटन विकास' करावा असं मला अजिबात वाटत नाही. रंगीत अक्षरांत गावाचं नाव लिहिलेला एक सेल्फी पॉइंट आला की त्याच्यामागून रिसॉर्ट येतात आणि पाणजेची पाणथळ, जिथे रोहित पक्षी उतरतात, तिच्या जिवावर आधीच बेतलेलं आहे. मागणं माफक आहे. मोऱ्याचा गाळ नेमाने काढावा, आणि त्या दिवशी लाँच किती ते किती बंद राहणार ते भाऊच्या धक्क्यावर आणि मोऱ्याला फळ्यावर खडूने लिहावं. उरण स्टेशनच्या बाहेर गावाचा एक नकाशा लावावा. लोकल जानेवारी २०२४ मध्ये आली, आता नकाशाही येऊ द्या.

तोवर जाणाऱ्यांनी घरातलं पंचांग उघडावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो. अष्टमीला सहा वाजता भरती, चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर सकाळी उशिराची लाँच धरा, पाणी भरलेलं असेल. संध्याकाळी मात्र मोऱ्याच्या जेट्टीवर वाट बघत बसू नका. रिक्षा करा आणि कोटनाक्याजवळचं उरण स्टेशन गाठा. गाड्या भराभर नाहीत, वेळापत्रक बघूनच निघा.