जंतूंच्या भिंतीतले दरवाजे

पावसाळ्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, ही बातमी कोयनानगरपासून सांगलीपर्यंत सारे कान देऊन ऐकतात. लघवीच्या संसर्गात सापडणारा ई. कोलाय आणि न्यूमोनियाला कारणीभूत ठरणारा क्लेबसिएला हे जंतूही भिंतीआडच राहतात, आणि त्यांच्याही भिंतीला दरवाजे असतात. या जंतूंभोवती दोन पापुद्रे असतात. बाहेरच्या पापुद्र्यातील 'पोरिन' नावाच्या प्रथिनांच्या दरवाजांतून अन्नद्रव्ये आत जातात. अनेक प्रतिजैविकेही त्याच वाटेने शिरतात.

हे दरवाजे बसतात कसे? प्रथिनाची लांब साखळी पेशीच्या आत तयार होते. घडी न पडता, दोऱ्यासारखी ती आतल्या पापुद्र्यातील अरुंद वाटेने बाहेर सरकते. दोन पापुद्र्यांमधल्या जागेत मदतनीस प्रथिने तिचा गुंता होऊ देत नाहीत. मग 'बॅम' ही पाच प्रथिनांची यंत्रणा तिला बाहेरच्या पापुद्र्यात शिरवते आणि पिंपासारखा आकार देते. बॅम बंद पडली तर भिंत सदोष होते आणि जंतू मरतो.

रुग्णाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. लाखो जंतूंपैकी एखाद्याचे पोरिन बिघडलेले किंवा अरुंद झालेले असते. प्रतिजैविकाच्या माऱ्यात इतर जंतू मरतात, हा मात्र तगतो आणि वाढतो. कार्बापेनेम हे राखीव औषधही काही क्लेबसिएलांवर चालत नाही, त्यामागे हेही एक कारण असते. असा जंतू नवजात बाळाच्या रक्तात शिरला, तर डॉक्टरांच्या हाती फार थोडी औषधे उरतात.

म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष बॅमकडे वळले आहे. तिचा काही भाग जंतूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. त्यामुळे तिच्यावर मारा करणाऱ्या औषधाला आत शिरावेच लागत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेले 'डॅरोबॅक्टिन' असेच आहे. किडींना मारणाऱ्या सूत्रकृमींच्या पोटातील जंतूंपासून ते मिळाले. उंदरांमधील संसर्गावर ते उपयोगी पडले. माणसांसाठीचे औषध मात्र अजून झालेले नाही.

नवे औषध कुठे सापडेल, हे सांगता येत नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. तिथल्या खोल खडकांतही खडगपूर आयआयटीच्या संशोधकांना सूक्ष्मजीवांच्या खुणा आढळल्या. अशा जीवांचा शोध आणि जतन यांवर सरकारने सातत्याने खर्च केला पाहिजे.

पण प्रयोगशाळेतून औषध दवाखान्यात यायला अनेक वर्षे लागतात. तोवर हातातली औषधे टिकवणे, हाच मार्ग आहे. सर्दी-पडशासाठी प्रतिजैविक मागू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, आणि पाकिटावर लाल रेषा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती औषधे घेऊ नयेत. औषध दुकानदारांनीही ती देऊ नयेत आणि डॉक्टरांनी गरजेविना लिहू नयेत. जंतूंच्या भिंतीतले जे दरवाजे आज उघडे आहेत, ते आपल्याच निष्काळजीपणाने बंद होऊ देणे परवडणारे नाही.