मागची सीट आपली, मग बेल्ट कुणाचा?

४ सप्टेंबर २०२२ चा तो रविवार अनेकींना आठवत असेल. दुपारी टीव्हीवर बातमी आली, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात निधन झालं. गाडी महागडी, परदेशी कंपनीची, एअरबॅग वगैरे सगळं असलेली. गाडीत चौघं होते. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघंही गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं नंतर पोलिसांनी सांगितलं.

त्याआधी ३ जून २०१४ ला आपल्या महाराष्ट्राने असाच धक्का सोसला होता. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेला, आणि गोपीनाथ मुंडे सकाळी दिल्लीतल्या विमानतळाकडे निघाले होते. तेही मागच्या सीटवर. वेग काही हायवेचा नव्हता, शहरातलाच रस्ता. गाडीला बाजूने धडक बसली. वरून मोठी जखम दिसत नव्हती, मार आत लागला होता. पट्टा बांधलेला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले होते. ते स्वतः डॉक्टर.

दोन्ही वेळा आपण हळहळलो. चार दिवस चर्चाही झाली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्ट सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. आणि मग? कोल्हापुरात एखाद्या लग्नाला, जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला निघालेल्या गाड्या बघा. पुढे बसलेले पुरुष पोलिसमामा दिसला की पट्टा ओढतात. मागे आपण असतो. मांडीवर नातू, पायाशी पिशवी, हातात गजऱ्याची पुडी. आणि पट्टा? तो सीटकव्हरच्या खाली कुठेतरी झोपलेला असतो!

हे मी गमतीने म्हणत नाही, मैत्रिणींनो. नवी गाडी घरी आली की पेढे वाटतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी सीटकव्हर घालायला जाते. तिथे मागच्या सीटची बेल्ट अडकवायची लॉक कव्हरच्या आत जातात. दुकानदाराला सांगितलं तर तो दोन मिनिटांत कापून बाहेर काढून देतो, पण सांगायचं कुणी? गाडी आणायला, विमा उतरवायला, कव्हर पसंत करायला घरातले पुरुष जातात. आपल्याला फार तर रंग विचारतात. म्हणजे ज्या सीटवर आपण आणि आपली मुलं बसणार, तिच्याबद्दलचे सगळे निर्णय तिच्यावर कधीच न बसणारा माणूस घेतो. माझ्या मते खरं दुखणं इथं आहे. 'बायका बेल्ट लावत नाहीत' असं म्हणणं सोपं आहे. त्या बेल्टपर्यंत हात पोचतो का, हे आधी बघा.

आता आपली बाजूही ऐकूया. मी ओळखीतल्या बायकांना विचारलं, तर उत्तरं ठरलेली. काठापदराच्या साडीची इस्त्री मोडते. गळ्याला टोचतो. सासऱ्यांसमोर कसं दिसतं. आणि सगळ्यात लाडकं उत्तर, "काय नाय हुत गं, गावातनंच तर जायाचं हाय!" या गावातल्या गावात जाण्याचा हिशेब एकदा मांडूया. गाडी ताशी ५० च्या वेगाने जात असताना एकदम थांबली, तर आतला न बांधलेला माणूस त्याच ५० च्या वेगाने पुढे जातो. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जेवढ्या वेगाने माणूस जमिनीवर आदळेल, साधारण तेवढा हा वेग. शिरोली नाक्याच्या पुढे गाडी काढली की आपण ५० ला हळू म्हणतो! मांडीवरचं आठ किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोहून जड होतं. शंभर किलोचं पोतं हातांनी अडवता येईल का? आई कितीही घट्ट धरू दे, ते सुटतंच. आणि मागचा माणूस स्वतः तर मार खातोच, पण पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही घेऊन जातो.

सरकारी आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण देशात अपघातात मेले. त्यातले ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे निम्म्या लोकांच्या हातात स्टिअरिंग नव्हतंच. मागच्या सीटवर बेल्ट लावण्याचा नियम जुना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात एक हजार रुपये दंडाची तरतूद झाली, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर तेवढीच. पण पोलिसाची नजर काचेतून पुढच्या दोघांवर जाते. मागे कोण बघतंय?

नियम चुकवायला आपली अक्कल मात्र भारी चालते. बेल्ट लावला नाही की गाडी पिक् पिक् करते, तर त्या आवाजालाच गप्प करायला नुसती क्लिप विकत मिळू लागली. ती लॉकमध्ये खुपसायची आणि मोकळं बसायचं. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. आपल्या गाडीत असली क्लिप आहे का, ते आज संध्याकाळी बघा आणि असली तर सरळ कचऱ्यात टाका.

"आमच्या गाडीला एअरबॅग आहे की" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एअरबॅग बेल्टच्या जोडीला आहे, बदली नाही. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फटाक्यासारखी फुगते. बेल्ट नसलेला माणूस पुढे झेपावलेला असताना ती तोंडावर फुटली तर तिचाच मार बसतो. म्हणूनच पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसणं सगळ्यात धोक्याचं. डॅशबोर्डवर चिकटवलेली गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली एअरबॅगच्या झाकणावर नको. देव आरशाजवळच्या छोट्या फोटोतही राखतो. काही गाड्यांत सीटच्या कडेलाच एअरबॅग शिवलेली असते. तिथे जाड कव्हर घातलं तर ती उघडायची कशी? कव्हर घेताना हा प्रश्न दुकानदाराला विचाराच.

आज घराघरात दिसणारा तीन जागी अडकणारा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तेव्हापासून गाड्यांची चाचणी मात्र बराच काळ पुरुषी बांध्याचे पुतळे बसवूनच होत आली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं, की समोरासमोरच्या धडकेत बेल्ट लावलेल्या बाईला गंभीर दुखापत होण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त असते. गाडीही शेवटी 'त्याच्या' मापाचीच शिवलेली! त्यामुळे आपल्यापैकी ज्या गाडी चालवतात, आणि आता राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत कितीतरी जणी चालवतात, त्यांनी सीट स्वतःच्या मापाची करून घ्यायची. नवऱ्याच्या सेटिंगवर उशी ठेवून बसायचं नाही. उंची वाढवायचा खटका असेल तर सीट वर घ्या. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभराहून जास्त, साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं. पदर खोचलेला, ओढणी दोन्ही खांद्यांवरून सोडून बांधलेली, पायात मागून पट्टा असलेली चप्पल. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर. वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा नाही.

आणि बाळ? त्याला चाइल्ड सीट. वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत तरी त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, आणि सीट मागच्या बाकावर बांधलेली. महाग पडते, कबूल आहे. पण बारशाला पाच-सहा घरांतून वाळे, फ्रॉक आणि पुन्हा वाळेच येतात. त्याऐवजी मावशा-आत्यांनी मिळून ही एक वस्तू दिली तर? रंकाळ्यावर रविवारी सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभी असलेली पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. आईवडील खालून फोटो काढत असतात.

टायरचंही तसंच. गॅसच्या शेगडीची रबरी नळी किती वर्षांची झाली हे आपल्याला तोंडपाठ असतं. टायरलाही जन्मतारीख असते, हे किती जणींना माहीत आहे? टायरच्या कडेवर चार आकडे लिहिलेले असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचा भरपूर दिसल्या तरी जुनं रबर आतून कडक होऊन तडकतं. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचाच. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि लागोपाठ अपघात झाल्यावर आरटीओने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. आपल्या पुणे-बंगळूर रस्त्यावर कोण तपासणार? खंडेनवमीला गाडीला झेंडू वाहताना चारही टायर आणि स्टेपनी बोटाने चाचपून बघायला काय हरकत आहे? हवा टायर थंड असताना भरायची. किती, ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

थंडीत आणखी एक विषय. ऊस सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, आणि कितीकांना मागे लाल दिवा नसतो. अशा रस्त्याला पुढची काच आतून-बाहेरून स्वच्छ नसेल तर समोरच्या गाडीचा उजेड काचेवर पसरतो आणि ट्रॉली दिसतच नाही. म्हणून गाडी पुसताना बॉनेट चकाचक करण्याआधी काचा, आरसे आणि दिवे. डॅशबोर्डला लावतात ते चकाकीचं तेल स्टिअरिंगला आणि पेडलना लावू नका, हातपाय सटकतात. पेट्रोलने डाग काढायचे नाहीत. चालकाच्या पायाशी एकावर एक दोन मॅट नको आणि पाण्याची बाटली तर मुळीच नको. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबला जात नाही.

धुतलेली गाडी दारं उघडी टाकून अंगणात वाळत ठेवायची सवय मात्र सोडा. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता बंद गाडीत अडकलेल्या तीन लहान मुलांचा जीव गेला. उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासाच्या आत भट्टी होते, काच बोटभर खाली असली तरी. मूल दिसेना झालं की आधी पाण्याची टाकी, मग गाडी, आणि मग शेजारपाजार.

पावसाळ्याचं तर आपल्याला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांवर गेली, जुलै २०२१ ला ५६ फुटांच्या पुढे. हायवे शिरोलीजवळ बंद, आणि किती पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर जो तो पहिली गोष्ट करतो, 'चालू होते का बघूया' म्हणून किल्ली फिरवतो. तीच करायची नाही. हवेच्या वाटेने इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि आतला लोखंडी दांडा वाकतो. बॅटरीची वायर सोडवायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून गॅरेजला न्यायची. पाण्यात बुडाल्याची भरपाई गाडीच्या पूर्ण विम्यात मिळते, पण बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर ती बहुतेक नाकारतात. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. थोडे पैसे जास्त पडतात, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ते गुपचूप गाळलं जातं. इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी पहिला आकडा ऐकला की गाडी उंचावर नेऊन लावायची, दुसऱ्याची वाट बघायची नाही. आणि विम्याचा कागद कपाटात कुठल्या फाइलमध्ये आहे, हे घरात निदान दोघांना माहीत असू द्या.