नकाशावरचा ठिपका

मुधोळ म्हटले की आमच्या कन्नड विभागातील मित्रांना बागलकोटकडचे, शिकारी कुत्र्यांचे मुधोळ आठवते. माझे मुधोळ तेलंगणातले, बासरजवळचे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातले, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यातले. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. मग तुला जहाजांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या शेतांत पडणारे पोटॅश सारे परदेशातून येते, आणि ते सुट्या मालाच्या जहाजातून. पोत्यांत नव्हे, कणगीत धान्य ओतावे तसे. कोळसाही तसाच येतो.

अशा जहाजाचा माग आता कोणालाही काढता येतो. चालत्या जहाजावरचे एआयएस यंत्र दर काही सेकंदांनी आपली ओळख, ठिकाण आणि वेग रेडिओवरून सांगत असते, व तो ठिपका आपल्याला नकाशावर सरकताना दिसतो. मौज वाटते खरी! पण जहाज पाण्यात किती बुडाले आहे आणि कोठे निघाले आहे, ही माहिती खलाशी हाताने भरतो. तो विसरला की जुनीच राहते.

म्हणून माझे म्हणणे असे की, ठिपक्याआधी जहाजाची कुंडली पाहावी. अशा प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, क्रमांक तोच. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. तिचा शेवटचा अंक हाच सातवा अंक. ९०७४७२९ घ्या, बेरीज १३९ येते. या क्रमांकावरून जहाज कधी बांधले, किती टन माल वाहू शकते, हे कळते.

२०११ सालचे उदाहरण घ्या. खलाशांनी ओमानकडे सोडून दिलेले ‘पवित’ हे जहाज वाहत वाहत ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन बसले. ज्यावर माणूस नाही, ते हाक कोणाला देणार? चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर ‘राक कॅरियर’ बुडाले. त्यावर गुजरातेतील दहेजला निघालेला ६० हजार टनांहून अधिक इंडोनेशियन कोळसा होता. तीसही खलाशी वाचले. तेल मात्र किनाऱ्यावर आले. हे जहाज कोठे आहे ते ठाऊक होते. ते कसे आहे, हे कोणी विचारले होते? पंचवीस वर्षांहून जुने जहाज, ऐन पावसाळ्यातला अरबी समुद्र, आणि पोटात एवढा कोळसा!

राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ते जहाज सागरी प्रवासाला लायक नव्हते असे ठरवून जहाजवाल्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये भरायला सांगितले. मला यातला ५ कोटींचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. माल भरणाऱ्याने भाडे ठरवतानाच वय विचारायला हवे होते.